पहिली नोकरी, पहिली नाइट

यावेळी पत्रांचा नुसता ढीग आलाय. निम्म्याहून जास्त पत्रं एकाच प्रश्नाची, नर्सिंग झालं आता नोकरी कुठे आणि कशी. रिझल्ट लागले की दरवर्षी असंच होतं, पण यंदा आयांची पत्रंपण आलीत आणि एका मुलाचंही, म्हणून म्हटलं आख्खं सदर यालाच देऊन टाकू, गुडघेदुखी आणि बीपीवाले पुढच्या वेळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी ३४ वर्षं वॉर्डात काढली, थोडी सिंधुदुर्गात, थोडी मुंबईत आणि बाकीची रत्नागिरी जिल्ह्यात, शेवटी मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख, होते. म्हणजे नोकरी मागायला टेबलाच्या अलीकडे बसलेय आणि द्यायला पलीकडेही.

सिस्टर, माझं बीएस्सी नर्सिंग होऊन चार महिने झाले. आमचं गाव राजापूरजवळ. मोबाईलवरून अकरा ठिकाणी बायोडेटा टाकला, दोनच फोन आले आणि दोघांनीही पहिला प्रश्न विचारला एक्स्पिरियन्स किती. नोकरीच कोणी देत नाही तर एक्स्पिरियन्स आणायचा कुठून? घरी सगळे विचारतात झालं का काही. – एक फ्रेशर, राजापूर

अगं बाय, पहिली गोष्ट तू लिहिलीच नाहीस, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालंय का? ते नसेल तर आधी ते, बाकी सगळं मागाहून. आपल्याकडे १९६६ चा महाराष्ट्र नर्सेस ॲक्ट आहे, नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि जे हॉस्पिटल म्हणतं की चालेल गो तसंच ये, तिथे तर अजिबात जाऊ नको कारण उद्या काही झालं की तेच म्हणणार ही आमची नर्सच नव्हे. फॉर्म भरायच्या आधी दहावीचं मार्कशीट, आधार आणि कॉलेजचे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघ. आपल्या कोकणात ही एक मोठी गंमत, आजोबांच्या कागदावर एक आडनाव, बाबांनी शाळेत घातलं ते गावावरून पडलेलं दुसरं, आणि आधारवाल्याने इंग्रजीत तिसरंच टाइप केलेलं. माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुली नुसत्या या नावाच्या घोळात महिनेच्या महिने अडकल्या होत्या.

आता एक्स्पिरियन्स. मोबाईलवरून पाठवलेला बायोडेटा कोण बघतं माहितीये का, ऑफिसातला मुलगा, आणि त्याला सांगितलेलं असतं अनुभव नसेल तर बाजूला काढ. म्हणून जवळपासच्या ठिकाणी स्वतः जा. सकाळी राउंडच्या वेळी नको, दोनला शिफ्ट बदलते तेव्हाही नको, सगळ्या ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, देण्याघेण्यात असतात. साडेअकरा-बाराला जा आणि रिसेप्शनवर कागद ठेवून येऊ नको, मेट्रनना भेटायचंय म्हण, बसायला लागलं तर बस. आणि तो बायोडेटा! मी शेकड्याने वाचलेत, सगळीकडे तेच, मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करायची आवड. ते सगळं काढून टाक आणि तुझी केस बुक उघड. किती डिलिव्हरी स्वतः केल्या, किती बघितल्या, आयसीयूत किती आठवडे होतीस, कुठल्या हॉस्पिटलात, किती खाटांच्या, लहान मुलांच्या वॉर्डात काय काय केलंस, ते लिही. इंटर्नशिप बऱ्याच ठिकाणी अनुभव म्हणून धरत नाहीत हे खरं, पण ज्या बाईला वॉर्ड चालवायचाय तिला हे चार आकडे वाचून कळतं की पोरीचा हात कशाकशाला लागलाय.

कुठे कुठे बघायचं तर नुसती खाजगी हॉस्पिटलं धरून बसू नको. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, डेरवणला मोठं हॉस्पिटल आहे, कामथे, कळंबणी, कणकवली, सावंतवाडी इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. सरकारी पक्की भरती म्हणजे अधिपरिचारिका, सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होणारी वेतनश्रेणी, पण त्याची परीक्षा असते, मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि आपला विषय, आणि जाहिरात येईल तेव्हा येईल. तिची वाट बघत घरी बसू नको, अभ्यास चालू ठेव आणि नोकरी धर. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागा जिल्हा परिषदेतून निघतात, स्टाफ नर्सला २०,००० च्या आसपास मानधन, त्या जाहिरातींवर लक्ष ठेव. तुझं बीएस्सी आहे म्हणजे कोणीतरी तुला सीएचओ हो म्हणूनही सांगणार, समुदाय आरोग्य अधिकारी, २५,००० आणि वर कामावर १५,००० पर्यंत. पैसे चांगले आहेत, काम मोलाचं आहे, पण माझं मत विचारशील तर पहिली नोकरी ती करू नको. उपकेंद्रात तुझ्यावर सिनियर सिस्टर कोणी नसते. दोन वर्षं वॉर्ड करून जा, मग तू खरी कामाची.

आणि आता जे सांगते ते नीट वाच. मुलाखतीला गेलीस की शेवटी विचारतात ना, तुला काही विचारायचंय का, तेव्हा सगळ्या पोरी मान हलवतात किंवा पगार विचारतात. तू विचारायचं, म्याडम रात्री वॉर्डात पेशंट किती, सिस्टर किती, आणि नवीन मुलीबरोबर सिनियर कोण असतं.

मी हे विचारलं नव्हतं. माझी पहिली नोकरी सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी, छोटंसं नर्सिंग होम, १४ खाटा, आणि तिसऱ्याच रात्री मी एकटी. जुलैचा पाऊस, लाइट गेलेली, फोन मेलेला, डॉक्टर घरी, घर दहा मिनिटांवर. संध्याकाळी बाळंत झालेली एक बाई, मी कंदील घेऊन बघायला गेले तर चादर भिजलेली, आधी वाटलं पावसाचं गळतंय. कंदील खाली धरला तेव्हा कळलं. पुस्तकात सगळं वाचलेलं, परीक्षेत दहा मार्कांना लिहिलेलं सुद्धा, पण हात काही हलेचना. तिथे एक मावशी होती, आयाचं काम करणारी, सहीच्या जागी अंगठा उठवायची. तिने माझा हात धरला, त्या बाईच्या बेंबीखाली दाबून ठेवला आणि म्हणाली, "चोळ गो चेडवा, गोळो हाताक लागाक व्हयो, तोवर सोडू नको." आणि स्वतः डोक्यावर इरलं घेऊन डॉक्टरांकडे धावली. मी चोळत राहिले, आधी सगळं पिठाच्या गोळ्यासारखं मऊ, आणि मग हळूहळू आत नारळासारखं घट्ट लागायला लागलं. गर्भाशय आकुंचन पावणं म्हणजे काय ते मला त्या रात्री तळहाताला कळलं. बाई वाचली. मी महिन्याभरात ती नोकरी सोडली आणि मुंबईला मोठ्या वॉर्डात गेले, तिथे पगार दीडशे रुपये कमी होता पण रात्री माझ्याबरोबर दोन सिनियर असायच्या.

मुलाखतीत नक्की काय विचारतात? मला खूप भीती वाटते, तोंडातून शब्दच फुटत नाही. – खेडहून

बाकीच्यांचं माहीत नाही, मी काय विचारायचे ते सांगते. औषध द्यायच्या आधी काय काय तपासशील, हे सगळेच विचारतात, बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, मार्ग, वेळ, हे झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे. कचरा कुठला कुठल्या पिशवीत, पिवळी लाल पांढरी निळी, हे पण. जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे त्याचे गुण, कमीत कमी किती (तीन, शून्य नव्हे! निम्म्या मुली शून्य म्हणतात). हार्ट बंद पडलं तर ॲड्रिनलिन किती आणि किती वेळाने, १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी.

मग माझा आवडता प्रश्न. ५०० मिली सलाईन चार तासात संपवायचंय, मिनिटाला किती थेंब? झटकन हिशोब करून मोठ्याने उत्तर देणाऱ्या खूप, कोणी ४२ म्हणायची, कोणी ३१. मी दोघींना शून्य मार्क द्यायचे. मला जे ऐकायचं असायचं ते एवढंच, "म्याडम, सेट कुठला आहे?" कारण सलाईनच्या नळीचा सेट एका मिलीला २० थेंबांचा असेल तर ४२, १५ चा असेल तर ३१, आणि लहान मुलांचा ६० थेंबांचा असेल तर १२५. पाकिटावर छापलेलं असतं. जी मुलगी आधी पाकीट बघते ती माझ्या वॉर्डात हवी.

दुसरा एक, डॉक्टरांनी रात्री फोनवर सांगितलं पेशंटला पोटॅशियम क्लोराइड दे, काय करशील? यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे पोटॅशियम थेट शिरेत कधीच ढकलायचं नाही, पातळ करून सलाईनमधून हळूहळू, नाहीतर पेशंट तिथेच जाईल. दुसरं म्हणजे फोनवरची ऑर्डर लिहून घ्यायची, डॉक्टरांना परत वाचून दाखवायची, आणि ते आले की सही. हे तू अडखळत सांगितलंस तरी चालेल, आम्ही भाषण स्पर्धा घेत नाही. मराठीत बोललीस तरी चालतं, निदान आपल्या इथे तरी, मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात थोडं इंग्रजी हिंदी लागेल. बीएलएसचा, म्हणजे हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायचा, कोर्स केला असशील तर सर्टिफिकेट बरोबर ठेव, ते दोन वर्षंच चालतं, तारीख बघून घे.

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं. देवगडजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलने घेतो म्हटलंय पण दोन वर्षांचा बाँड, मधेच सोडलं तर ५०,००० भरायचे आणि ओरिजनल सर्टिफिकेटं त्यांच्याकडे ठेवायची. पगार ९,०००. बाबा म्हणतात घे, घरी बसण्यापेक्षा बरं. मला एक दोन वर्षांनी बाहेर जायचं आहे. काय करू? – देवगड

ओरिजनल द्यायची नाहीत. दाखवायची, त्यांनी पडताळायची, झेरॉक्स सही करून द्यायची आणि ओरिजनल पिशवीत घालून घरी आणायची, त्याच दिवशी. त्यांनी कितीही गोड बोलून सांगितलं की आमच्याकडे सेफ असतात, तरी. माझ्या ओळखीच्या एका मुलीला सरकारी कागद तपासणीला बोलावणं आलं तेव्हा तिचे कागद असेच एका कपाटात होते आणि किल्ली असलेले गृहस्थ लग्नाला गेले होते. पुढचं सांगत नाही.

बाँडचं म्हणशील तर एक वर्षाचा करा म्हणून बोलून बघ, लोक बोलतच नाहीत, बोललं की बऱ्याचदा खाली येतात. सही करायच्या आधी कागद घरी आण, बाबांना आणि जमलं तर ओळखीच्या वकिलांना दाखव, तुझी एक कॉपी मागून घे. ५०,००० लिहिलंय म्हणून सगळे ५०,००० वसूल होतातच असंही नाही, करार कायद्याच्या ७४ व्या कलमात वाजवी भरपाईच म्हटलंय, लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा. पण म्हणून बिनधास्त सही कर असं मी म्हणत नाही हां, कोर्टात जायची हौस कोणाला असते.

पगाराबद्दल तुला एक माहिती असू दे. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली होती, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, १०० ते २०० असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० असतील तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या खाली असलं तरी २०,००० पेक्षा कमी नको. आता तू म्हणशील मग मला ९,००० कसे. शिफारस आहे, राज्यांना कळवलेली आहे, आणि आपल्या तालुक्यांतून तिचं काय होतं ते तू बघतेच आहेस. मला याचा राग येतो, आजही येतो. मालवणात हॉटेलात वेटरला सीझनमध्ये याहून जास्त मिळतात. पण आकडा माहीत असला की टेबलावर बसून निदान १२,०००-१३,००० पर्यंत बोलता येतं, आणि पगार बँकेत घे, हातात रोख घेऊ नको, कारण बाहेर जाताना पगाराचा पुरावा मागतात. अपॉइंटमेंट लेटरही मागून घे, नंतर देतो म्हणाले तरी पाठ सोडू नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे तुला कोणी सांगणार नाही. त्या हॉस्पिटलात खाटा किती आहेत ते मोज. एम्सची नर्स भरतीची नॉरसेट परीक्षा आहे ना, तिला बीएस्सीवाल्यांना अनुभव लागत नाही पण जीएनएमवाल्यांना शिक्षणानंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तोही किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलातला. म्हणजे २० खाटांच्या ठिकाणी तू दोन वर्षं बाँडमध्ये राबलीस तरी त्या परीक्षेसाठी ती धरली जाणार नाहीत. परदेशासाठीही साधारण असंच, मोठं हॉस्पिटल आणि लेखी अनुभव. एजंट भेटेल तेव्हा परराष्ट्र खात्याकडे नोंदणी आहे का बघ, नियमाप्रमाणे त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, आणि आखातातल्या बऱ्याच देशांसाठी २०१५ पासून नर्सेसची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच होते. दोन लाख मागणारा आला तर त्याला चहा पण विचारू नको.

तर, खाटा ५० असतील आणि रात्री सिनियर असेल तर पगार थोडा कमी असला तरी एक वर्षाच्या बाँडवर घे. २० खाटा, रात्री एकटी, ओरिजनल कपाटात, ९,०००? बाबांना माझ्या वतीने नमस्कार सांग आणि म्हणावं नको.

मुलगी मुंबईला जायचं म्हणते. इथे जवळ नोकरी मिळत असताना एवढ्या लांब कशाला? ती म्हणते इथे काय शिकायला मिळणार. एकुलती एक आहे. – एक आई, गुहागर

वहिनी, तुमच्या जीवाची घालमेल मला कळते, माझी आई मला दादरच्या गाडीत बसवताना रडली होती आणि बरोबर दोन किलो तांदूळ बांधून दिलेले, जसं काही मुंबईत तांदूळ पिकत नाहीत म्हणून मिळतही नाहीत. पण तुमची मुलगी अर्धी बरोबर आहे आणि अर्धी चूक.

इथे काय शिकायला मिळणार म्हणते? तिला म्हणावं पावसाळ्यात आपल्या कुठल्याही उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक महिना उभी राहा. महामार्गावरचे अपघात येतात, भातशेतीत राबून लेप्टो झालेले येतात, डोळे लाल, पोटऱ्या दुखतात म्हणून. आणि साप. जांभ्याच्या सड्यावर फुरसं पायाला डसलेला माणूस आला की आपण काय करतो, काचेच्या स्वच्छ कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये त्याचं दोन मिली रक्त घेतो आणि २० मिनिटं न हलवता उभी ठेवतो. हलवायची नाही, कोणी हात लावायचा नाही, आणि काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली पण चालत नाही. २० मिनिटांनी तिरकी करायची. रक्त गोठलेलं असेल तर सगळे श्वास सोडतात, पाण्यासारखं वाहिलं तर सापाच्या विषावरच्या लसीच्या कुप्या फोडायला घ्यायच्या. ती २० मिनिटं घड्याळ बघत, पेशंटच्या हिरड्यांतून रक्त येतंय का बघत काढायची, हे मुंबईच्या काचेच्या हॉस्पिटलात क्वचितच दिसतं. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्याच पेशंटवर काम करून प्राझोसिनचा उपचार दाखवला, लॅन्सेटमध्ये छापून आलं, पुढे २०२२ साली पद्मश्री मिळाली. ते सगळं शिक्षण आपल्या कोकणातल्या विंचवांनीच दिलेलं.

पण व्हेंटिलेटर, ओपन हार्ट, डायलिसिसचे १० पेशंट एका वेळी, हे मुंबई पुण्यालाच, आणि तिला आयसीयूत जायचं असेल तर जाऊ द्या. फक्त चौकशी योग्य करा. हॉस्टेल आहे का, हॉस्पिटलच्या आवारात आहे की लोकलने जायचं, आठला शिफ्ट सुटली की पोरी कशा जातात, जेवण किती वाजेपर्यंत ठेवतात. या चौकशा तुम्ही स्वतः तिथल्या गेटवर उभ्या राहून सुटणाऱ्या मुलींना विचारा, ऑफिसात नाही. आणि गणपतीला सुट्टी मिळेल अशी आशा ठेवू नका, सगळ्याच कोकणातल्या असतात, पहिल्या वर्षाच्या मुलीचा नंबर शेवटी लागतो.

मी मुलगा आहे, जीएनएम चालू आहे, गावात चिडवतात. मुलांना नोकऱ्या मिळतात का? – मंडणगड

मिळतात रे. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, कॅज्युअल्टी, इथे ब्रदर लागतातच. नॉरसेटमधून एम्समध्ये ८० टक्के जागा मुलींना, २० मुलांना अशी पद्धत, त्यामुळे तिथे चुरस जास्त, तयारी तशी कर. एकच सावध राहा, हॉस्पिटलात मुलगा बघितला की स्ट्रेचर ओढायला आणि सिलिंडर उचलायला त्यालाच बोलावतात, चार वेळा जा, पाचव्यांदा सांग माझ्या पेशंटचं इंजेक्शन द्यायचंय. चिडवणाऱ्यांचं म्हणशील तर त्यातल्या कोणाच्या तरी वडिलांना रात्री दोन वाजता कॅथेटर घालायची वेळ येईल तेव्हा तूच आठवणार आहेस त्यांना.

सिस्टर, कामाला लागून तीन आठवडे झाले. परवा एका आजीला चार वेळा सुई टोचली पण व्हेन मिळालीच नाही, तिचा मुलगा सगळ्यांसमोर ओरडला, शिकाऊ पोरी ठेवता काय म्हणून. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी सांगितलं नाही. सोडून द्यावंसं वाटतं. – कणकवली

रडलीस ते बरं झालं, सगळ्या रडतात, त्या बाथरूमच्या भिंती जर बोलायला लागल्या ना! पण चार वेळा का टोचलंस? दोन. दोन प्रयत्न झाले की थांबायचं आणि दुसरीला बोलवायचं, ती पण दोनदाच. हा नियम पेशंटसाठी आहे तसा तुझ्यासाठीही आहे, कारण तिसऱ्या वेळी हात थरथरतो आणि चौथ्या वेळी तू शीर शोधत नसतेस, सुटका शोधत असतेस.

म्हाताऱ्या माणसांच्या शिरा वर दिसतात छान, दोरीसारख्या, पण सुई लागली की सरकतात. कातडी अंगठ्याने खाली ताणून धर, चांगली ताणून, सोडू नको. गुलाबी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) कशाला, बारीक निळी घे, २२ नंबर, आजीला रक्त थोडंच चढवायचंय. सुई आडवी ठेव, अगदी कातडीलगत, उभी घातलीस की आरपार जाते. टूर्निके, म्हणजे हाताला बांधायचा पट्टा, करकचून आवळू नको, नाजूक शीर त्यानेच फुटते. हात गार असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दोन मिनिटं गुंडाळ आणि हात खाटेखाली लोंबकळू दे. पावसात भिजून आलेल्या म्हातारीची शीर तशीच कशी मिळणार, तू कितीही हुशार असलीस तरी.

त्या मुलाचं. उद्या तो दिसला तर तूच जा आणि म्हण, काल आजींना त्रास झाला, मला वाईट वाटलं, आता कशा आहेत. एवढंच. तो आईसाठी ओरडला, तुझ्या आईला कोणी चार वेळा टोचलं असतं तर तू पण ओरडली असतीस. आणि मला एक कळव, तू चौथ्यांदा टोचत होतीस तेव्हा तुझ्या इनचार्ज कुठे होत्या? वॉर्डात असून आल्या नाहीत, की वॉर्डात कोणी नव्हतंच? आल्या नाहीत तर आधी त्यांच्याशी बोल, कदाचित कळलंच नसेल, तू पण हाक मारली नसशील. पण कोणी नव्हतंच आणि रोजच नसतं, तर सहा महिने काढायच्या आधी दुसरीकडे बघायला लाग. तुझ्या हातात काही खोट नाही.

लग्न, मूल यात तीन वर्षं गेली, कोर्स होऊन बसलेय. आता कोणी घेईल का? – लांजा

घेतील. रजिस्ट्रेशनची मुदत संपलीय का बघ, दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. मग एकदम आयसीयू नको, ओपीडी किंवा डेकेअर धर, दिवसाची शिफ्ट, हात बसला की वॉर्ड. बायोडेट्यात ती तीन वर्षं लपवू नको, सरळ लिही मूल लहान होतं. आम्ही पण आयाच असतो.

पुढच्या आठवड्यात जॉइन होतेय! बूट कुठले घेऊ? – चिपळूण

अभिनंदन गो. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभर पाय सुजलेले असतात तेव्हा बसतात ते नाइटला पण बसतात. टाच सपाट, तळवा न घसरणारा, वरून बंद, कारण सुई पडते ती नेमकी पायावरच. पावसाळा आहे तर दोन जोड घे, एक वाळत घालायला. आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ घे, साधं, नाडी आणि थेंब मोजायला, मोबाईलवर मोजेन म्हणू नको, वॉर्डात मोबाईल खिशातून बाहेर आला की मेट्रनला कळतं. मला तर पाठमोरी असताना पण कळायचं.